५२ आणि ७१

आमच्या परसातल्या विहिरीचा दोर मी शाळेत होते तेव्हा सात हात होता. मी कॉलेजला जाईपर्यंत बारा हात झाला. २००६ साली मला पणजीत नोकरी लागली, त्या उन्हाळ्यात आईनं त्याला आणखी एक तुकडा गाठवला. त्यानंतरच्या वर्षी कळशी तळाच्या दगडावर आपटली आणि रिकामीच वर आली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

गाव डिचोली तालुक्यातलं, एवढं सांगितलं तरी पुरे. गावाच्या दोन बाजूंना लोहखनिजाच्या खाणी. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खड्ड्यात पाणी भरतं. ते रात्रंदिवस पंपानं उपसून नाल्यात सोडावं लागतं, आणि खड्ड्यातलं पाणी उपसलं की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तिकडे ओढलं जातं. आमच्या विहिरीचं असंच झालं. पावसाळ्यात वरच्या डंपाची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या ढिगाची, माती ओहळातून खाली यायची आणि शेतात बसायची. बाबांनी खालच्या शेतात शेवटचं भात लावलं तेव्हा मी आठवीत होते. त्यानंतर तिथं लाल चिखलाचा थर साचत गेला. उन्हात तो सुकून फुटायचा तेव्हा शेतात खपल्या धरल्यासारखं दिसायचं. दर वर्षी कंपनीचा माणूस यायचा, नुकसानभरपाईच्या कागदावर बाबांची सही घ्यायचा आणि काही हजार रुपये देऊन जायचा. त्यात वर्षाचे तांदूळसुद्धा विकत येत नव्हते.

मग पाण्याचा टँकर सुरू झाला, तोही कंपनीचाच. एक दिवसाआड, सकाळी सहाच्या सुमाराला. आई धुतलेल्या पंचाची चौघडी करून कळशीच्या तोंडावर धरायची आणि पाणी गाळून घ्यायची. सगळ्या कळश्या भरून झाल्या की पंचावर लाल गाळाचा गोल उमटलेला असायचा, भाकरीएवढा. तो पंचा ती रोज धुवायची, पण त्याचा रंग कधी गेला नाही. पंचायतीकडे नळयोजनेच्या विस्तारासाठी गावानं किती अर्ज केले याची माझ्याकडे मोजदाद नाही. उत्तर मात्र पाठ आहे: निधी उपलब्ध नाही.

आता पणजीच्या ऑफिसबद्दल लिहिते. लिहायला मला दहा-बारा वर्षं लागली.

कंपनी खनिज निर्यात करणारी होती. तिचं नाव लिहीत नाही. माझं काम एक्स्पोर्टची कागदपत्रं तयार करणं: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिलाचा तपशील, बँकेत द्यायचा संच. माल खाणीवरून टिपरनं, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकनं, सारमानस किंवा आमोण्याच्या जेटीवर यायचा, तिथून बार्जमधून, म्हणजे सपाट मालवाहू बोटीतून, मांडवी नदीतून मुरगाव बंदराला, आणि मुरगावला जहाजात भरून चीनला. जहाजात नेमका किती माल भरला ते ड्राफ्ट सर्व्हे करणारा सांगायचा, लोहाचं प्रमाण किती ते प्रयोगशाळा सांगायची, आणि त्यावरून मी बिल टाइप करायचे. बी.कॉम. झालेल्या, गावातून आलेल्या मुलीला ती मोठी नोकरी वाटायची. एसी होता. पहिल्या पगारातून मी आईला मिक्सर आणला होता.

२००९ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. ४८ हजार टनांचं एक जहाज लागलं होतं. आमच्या कंपनीचं इन्व्हॉइस मी नेहमीप्रमाणे सिंगापूरच्या एका कंपनीच्या नावे केलं, टनाला ५२ डॉलर. ती सिंगापूरची कंपनी म्हणजे आमच्याच मालकांची, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी हेड क्लार्कनी दुसरा कागद दिला. सिंगापूरच्या कंपनीचं चिनी खरेदीदाराला द्यायचं इन्व्हॉइस. तिथं टाइप करायला कुणी नव्हतंच, म्हणून ते आमच्याकडेच व्हायचं. आधी ते दुसऱ्या सहकाऱ्याकडे असायचं, त्या दिवशी माझ्याकडे आलं. सिंगापूरच्या कंपनीचे लेटरहेड पणजीत, आमच्या स्टीलच्या कपाटाच्या दुसऱ्या खणात होते. वरती निळ्या अक्षरात पत्ता, रस्त्याचं नाव, मजला, खोली क्रमांक. मी तो कागद प्रिंटरमध्ये घातला. तेच जहाज, तोच माल, तेच टन, तीच तारीख. भाव ७१ डॉलर.

टनामागे १९ डॉलरचा फरक. त्याला ४८ हजारांनी गुणा. ९ लाख १२ हजार डॉलर. तेव्हा डॉलर साडेशेहेचाळीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सव्वाचार कोटी रुपये. एका जहाजाचे. ते जहाज चीनला जाताना सिंगापूरच्या समोरून गेलं असेल, पण तिथं थांबलं नाही, एक टोपली माल तिथं उतरला नाही. सव्वाचार कोटी मात्र तिथं उतरले.

हे कसं चालतं ते मला नंतर अभ्यास केल्यावर नीट कळलं. कंपनी भारतात जेवढा नफा दाखवते त्यावर भारतात कर लागतो. त्या वर्षी मोठ्या कंपनीला अधिभार धरून ३३.९९ टक्के. म्हणजे त्या एका जहाजाच्या फरकावर साधारण एक कोटी चव्वेचाळीस लाख. नफा सिंगापुरात दाखवला तर तिथं कराचा दर मुळात कमी, शिवाय ठरावीक व्यापारी कंपन्यांना तेव्हा सवलतीचा १० किंवा ५ टक्क्यांचा दर. आणि नुकसान फक्त आयकराचं नाही. २००९ च्या ऑगस्टपर्यंत खनिजावरची रॉयल्टी, म्हणजे खाणवाल्यानं राज्याला द्यायचा वाटा, टनाला ठरावीक रुपये अशी होती, मालाच्या प्रतीप्रमाणे चार रुपयांपासून सत्तावीस रुपयांपर्यंत. जगात भाव चढत होते आणि राज्याला टनामागे एका वडापावचे पैसे मिळत होते. मग रॉयल्टी किमतीच्या १० टक्के झाली. पण किंमत कोणती? खाणवाल्यांनी कळवलेल्या विक्रीच्या भावांवरून इंडियन ब्युरो ऑफ माइन्स हे केंद्राचं खाण कार्यालय जी सरासरी काढतं ती. जाहीर भावच पडेल ठेवले की ती सरासरीही खाली राहते. एका कागदावरचा ५२ हा आकडा असा कुठं कुठं जाऊन कापतो!

मी हेड क्लार्कना विचारलं होतं. ते चांगले गृहस्थ होते, माझ्यावर मुलीसारखी माया करायचे. त्यांनी कागदावरून नजर न काढता सांगितलं, “ते ट्रेडिंग मार्जिन असतं. तू टायपिंग बघ.” मी टायपिंग बघितलं. त्यानंतर तीन हंगाम बघितलं. त्या दिवशी शेवटच्या बसनं घरी आले तेव्हा आई अंगणात उद्याच्या टँकरसाठी कळश्या ओळीनं लावून ठेवत होती. मला वाटलं होतं तिला सांगावं. सांगितलं नाही. तेव्हा माझ्या पगारावर घर चालत होतं, आणि दादानं त्याच वर्षी बँकेचं कर्ज काढून टिपर घेतला होता. खाणीनं आमची विहीर आटवली होती आणि खाणच आम्हांला जेवू घालत होती. आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही घरी जा, ही गाठ तुम्हांला दिसेल. बाहेरून येऊन “तुम्ही आधीच का बोलला नाहीत” असं विचारणाऱ्यांनी ती गाठ आधी समजून घ्यावी.

कायदा नव्हता असं कुणी म्हणू नये. आपल्या आयकर कायद्यात २००१ पासून ट्रान्सफर प्राइसिंगची कलमं आहेत. सोप्या भाषेत सांगायचं तर परक्याला जो भाव लावाल तोच आपल्या परदेशातल्या सख्ख्या कंपनीला लावायचा. पण तो भाव बरोबर की चूक हे ठरवायचं कुणी आणि कशावरून? अधिकाऱ्याच्या टेबलावर ५२ चा कागद येतो. ७१ चा कागद परदेशातल्या कंपनीचा, तो मागवायचा तर दुसऱ्या देशाशी पत्रव्यवहार. ते उत्तर येईपर्यंत माल वितळून पोलाद होऊन कुठल्या तरी पुलात बसलेला असतो. मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे, की ते दोन्ही कागद एका खोलीत, एका प्रिंटरमधून निघाले होते.

पुढचं बहुतेकांना वर्तमानपत्रांतून माहीत आहे. ७ सप्टेंबर २०१२ ला न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्याबद्दलचा अहवाल संसदेत मांडला गेला. बेकायदा खाणकामामुळे झालेल्या नुकसानाचा आयोगाचा अंदाज होता ३४,९३५ कोटी रुपये. खाणमालकांना तो आकडा कधीच मान्य झाला नाही. आकड्याबद्दल वाद घालता येतो हे मलाही कळतं, कारण त्यात काय धरायचं आणि काय सोडायचं यावर सगळं अवलंबून. तरी मी हिशेब लिहिणारी बाई आहे, मी तो मांडून पाहिला. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या होती १४ लाख ५८ हजार. भागाकार केला तर माणशी दोन लाख एकोणचाळीस हजारांच्या वर जातं. पाळण्यातल्या पोरापासून खाटेवरच्या म्हातारीपर्यंत प्रत्येकी. आकड्याचा चौथा हिस्साच खरा मानला तरी माणशी साठ हजार. आमच्या घरात आम्ही चौघं होतो.

१० सप्टेंबरला राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टानं. दादाचा टिपर अंगणात येऊन उभा राहिला तो वर्षानुवर्षं. त्याच्या चाकांतून गवत आलं. हप्ते मात्र चालू. माझी नोकरी डिसेंबरात गेली. त्या दिवसांत दादा रात्री झोपत नसे, पायरीवर बसून राहायचा. राज्य सरकारनं पुढं ट्रकवाल्यांसाठी मदतीची योजना आणली, तिचा आधार झाला, नाही म्हणत नाही. पण बघा, खाण बंद झाल्याची झळ कुणाला लागली: टिपरवाल्याला, गॅरेजवाल्याला, चहाच्या टपरीला, बार्जवरच्या खलाशाला. बाहेर गेलेल्या पैशाला काहीच झालं नाही. तो तिथं व्याज खात बसला असेल.

२१ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर. त्यातलं एक वाक्य माझ्यासाठी निकालापेक्षा मोठं होतं. गोव्यातल्या खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ ला संपली होती, त्यानंतरचं खाणकाम बेकायदा. मी लगेच मनात तारखा लावल्या. २००७ च्या नोव्हेंबरपासून पुढं मी टाइप केलेलं प्रत्येक इन्व्हॉइस. ५२ वालं आणि ७१ वालं, दोन्ही. म्हणजे भाव दाबला हा दुसरा गुन्हा. माल मुळात विकायचा अधिकारच नव्हता. त्याच निकालात कोर्टानं सांगितलं की विक्रीतले दहा टक्के एका कायमस्वरूपी निधीत जायचे, पुढच्या पिढ्यांसाठी.

शहा साहेबांचं नाव मला पुन्हा भेटलं ते त्याच वर्षी मे महिन्यात. परदेशातल्या काळ्या पैशाचा तपास करायला जी विशेष चौकशी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष तेच. खाणीची चौकशी करणारा माणूस आणि स्विस खात्यांची चौकशी करणारा माणूस एकच असावा हा योगायोग असेल, पण मला तो फार बरोबर वाटला. त्याच ऑक्टोबरात केंद्रानं सुप्रीम कोर्टात परदेशी खात्यांसंबंधी मोजकी नावं दिली, त्यांतही गोव्याच्या खाणव्यवसायातलं एक नाव होतं. नुसत्या नावावरून कुणी दोषी ठरत नाही, म्हणून मी ते इथं लिहीत नाही. पण दोन रस्ते एकाच गावात येतात हे त्या दिवशी सगळ्या गोव्यानं पाहिलं.

टीव्हीवर काळा पैसा म्हटलं की सुटकेसमधल्या नोटा दाखवतात. मला त्याचा राग येतो. मी पाहिलेला पैसा कधी सुटकेसमध्ये नव्हता. तो ए-फोर कागदावर होता, स्टेपल केलेला, तीन प्रतींत. आफ्रिकेतून बाहेर जाणाऱ्या अशा पैशाचा अभ्यास दक्षिण आफ्रिकेचे माजी अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं केला होता. २०१५ च्या त्यांच्या अहवालात वर्षाला ५० अब्ज डॉलरचा अंदाज आहे, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा लाचखोरीचा किंवा अमली पदार्थांचा नाही, व्यापारी व्यवहारांचा आहे. चुकीचे भाव, चुकीचे वजन, चुकीची प्रत. झांबियाचं तांबं असो की आमच्या डिचोलीचं लोहखनिज, पद्धत तीच. वाचताना मला त्या देशांतल्या ऑफिसांत बसलेल्या माझ्यासारख्या मुली दिसत होत्या.

आणि २०१६ सालची एक गोष्ट. संयुक्त राष्ट्रांची स्त्रियांच्या हक्कांवर काम करणारी समिती प्रत्येक देशाची तपासणी करते. त्या वर्षी स्वित्झर्लंडची पाळी होती. समितीनं त्या देशाला सांगितलं की तुमच्या बँकांची गुप्तता आणि तुमची करधोरणं यांचा दुसऱ्या देशांतल्या स्त्रियांच्या हक्कांवर काय परिणाम होतो याची स्वतंत्र तपासणी करा. मी हे वाचलं तेव्हा संध्याकाळ होती आणि आई मागच्या दारी भांडी घासत होती. एवढ्या मोठ्या जिनिव्हात बसून कुणीतरी आईच्या पंचावरचा गोल पाहिला असं मला वाटलं. पाण्याचा हक्क, आरोग्याचा हक्क, शिक्षणाचा हक्क हे शब्द आपण निबंधात लिहितो. आमच्या गावात त्यांचा अर्थ एवढाच होता की पाणी आणायचं काम बाईचं, टँकर सहाला येतो आणि शाळेची बस साडेसहाला. माझी चुलतबहीण नववीनंतर घरी राहिली. तिच्या आईचं गुडघ्याचं दुखणं होतं, कळश्या कोण भरणार? तिची शाळा कुणी बंद केली नाही. नळ नव्हता, एवढंच. आणि नळ नव्हता, कारण निधी उपलब्ध नव्हता.

आता मी डिचोलीत छोटंसं ऑफिस चालवते. दुकानदारांची जीएसटीची रिटर्न भरते, गॅरेजवाल्यांची, केटरिंगवाल्या बायकांची. एका ताईंचा लाडू-चकलीचा धंदा आहे. घरात आजारपण आलं, धंदा बंद राहिला, रिटर्न भरायचं राहून गेलं. काही विक्री नसतानाही उशिराचा दंड दिवसाला २० रुपये. त्यांनी तो भरला, पिशवीतून दहा-दहाच्या नोटा काढून. पोर्टलला त्यांचा उशीर एका दिवसाचासुद्धा दिसतो. तो दिसावा, त्याला माझी हरकत नाही, कर भरलाच पाहिजे, मी रोज लोकांना तेच सांगते. माझं म्हणणं एवढंच आहे की जो डोळा चकलीवालीचा एक दिवस पाहतो त्याला ४८ हजार टनांचं जहाज दिसलं पाहिजे.

खाणी बंद राहिल्या त्या वर्षांत आमच्या विहिरीचं पाणी हळूहळू वर आलं. खड्डा भरला, भूजल परतलं. २०१६ च्या उन्हाळ्यात आईनं दोराची शेवटची गाठ सोडली. सोडलेला तुकडा तिनं गुंडाळून न्हाणीच्या खुंटीला टांगून ठेवलाय. टाकला नाही, कापडं वाळत घालायलाही दिला नाही.

२०२२ च्या डिसेंबरपासून खाणींचे लिलाव सुरू झाले आहेत. लिलाव हा जुन्या पद्धतीपेक्षा चांगलाच, राज्याला वाटा जास्त मिळतो. दादानं टिपरचं इंजिन उघडलंय. त्याला काम हवंय आणि ते त्याला मिळावं असं मलाही वाटतं. आमच्या भागातल्या एका खाणीच्या पर्यावरण दाखल्यासाठी जनसुनावणी झाली तेव्हा मी गेले होते. लोक धुळीबद्दल बोलले, देवळाच्या तळीबद्दल बोलले, नोकऱ्यांबद्दल बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, माल कुणाच्या नावे विकणार, ती कंपनी कुणाची, भाव कुठला लावणार, आणि शेवटच्या खरेदीदाराचं इन्व्हॉइस खाण खात्याला मिळणार का? पुढं बसलेल्या अधिकाऱ्यांनी नम्रपणे सांगितलं की हा या सुनावणीचा विषय नाही. मी म्हटलं, मग लेखी घ्या. लेखी घेतलं. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत माझ्या फायलीत आहे.

घरी आले तर आई जेवायची थांबली होती.

“उदकाचें विचारलें गे?” तिनं ताट वाढता वाढता विचारलं. मी म्हटलं, भावाचं विचारलं. ती गप्प राहिली. जेवण झाल्यावर मी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, मागच्या पानावरच्या कोऱ्या जागेत ७१ लिहिले, त्याखाली ५२ लिहिले आणि इतक्या वर्षांनी तिला त्या नोव्हेंबरातली संध्याकाळ सांगायला लागले. कपाटाचा दुसरा खण, निळी अक्षरं, सगळं. मधेच मी म्हटलं, थांब, फरक काढून दाखवते.

तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं.

“वजाबाकी येता म्हाका,” ती म्हणाली.